कुंपणातला एडवर्ड

साल 1817. तुम्ही हिंदी महासागरातल्या बूर्बों बेटावर आहात. आज आपण त्याला रियुनियन म्हणतो. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर सँ-बन्वा नावाचं गाव आहे आणि तिथला पाऊस कोकणाला लाजवेल असा. आताच एक सर येऊन गेली आहे. पायाखालचे दगड काळे, भोकाभोकांचे, कारण हे सगळं बेटच ज्वालामुखीतून वर आलेलं. अकरा वर्षांपूर्वीच्या वादळांनी इथली कॉफी आणि लवंग झोपवली, म्हणून आता जिकडेतिकडे ऊस लागायला लागला आहे.

शेताच्या बांधावरून चाला. उसाला इथे कुंपण आहे गुलाबाचं. एकाच जातीचं नव्हे. दोन ओळी, दोन जातींच्या, एकमेकींना खेटून.

उजव्या ओळीतलं एक पान बोटांत धरा. गुळगुळीत, तुकतुकीत, टोकाकडे निमुळतं. हा चिनी गुलाब. काटे मोजकेच पण वाकडे; बाहीत अडकला की सोडवायला दोन्ही हात लागतात. फूल फिकट गुलाबी असतं आणि उन्हात जुनं होईल तसं गडद होत जातं. युरोपातले जुने गुलाब उन्हात विटतात, हा उलटा रंगतो. वास मात्र बेताचाच.

आता डावी ओळ. हा दमास्क, त्यातलाही शरदात दुसऱ्यांदा फुलणारा. पान निस्तेज, मऊ, खालून लवदार. फांदीवर बारक्या-मोठ्या काट्यांची नुसती दाटी, त्यामुळे धरायला जागाच नाही. कळीच्या देठावर चिकट ग्रंथी आहेत. बोट लावून नाकाशी न्या. फूल उमलायच्या आधीच तिथे वास आहे. आणि उमललेल्या फुलात तोंड खुपसलंत तर वास अत्तराचा, गुलाबपाण्याचा.

या दोन ओळी इथे शेजारी आल्या, एवढ्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदा फुलतात आणि संपतात. चिनी गुलाब जवळजवळ बारमाही, आणि हा दमास्क वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा फुलणारा. त्यामुळे हाताच्या अंतरावर, एकाच सकाळी दोघांचीही फुलं उघडी असण्याची वेळ पुन्हा पुन्हा येते. बाकीचं काम किड्यांनी केलं. कुणी ब्रशाने पराग उचलले नाहीत, कुणी कळीला पिशवी बांधली नाही. एक बी पडलं आणि रुजलं.

एदुआर पेरिशों या मळेवाल्याला नवं कुंपण लावताना रोपांमध्ये एक रोप वेगळं दिसलं. फुटवे वेगळे, पान वेगळं. उपटून फेकून देणं सोपं होतं. त्याने ते वेगळं काढून बागेत लावलं. आज तुम्ही त्याच्यासमोर उभे आहात. पानाची तकाकी चिन्याची, फांदीचा भरदारपणा दोघांनाही मागे टाकणारा. फूल गडद गुलाबी. वाका जरा. वास दमास्कचा आहे, आणि खाली पुढच्या कळ्या तयार आहेत.

या गुलाबाला नाव मिळालं मळेवाल्याचं: एदुआर, इंग्रजीत एडवर्ड. पण कुंपणाच्या काड्या टोचणारे, पाणी घालणारे, छाटणारे हात गुलामांचे होते. या बेटावर गुलामगिरी संपेल 1848 साली. त्या वेगळ्या रोपावर पहिली नजर कुणाची पडली असेल, हे मला राहून राहून वाटतं. कागदावर मालकाचंच नाव आलं.

1817 मध्येच ब्रेओं हे वनस्पतिशास्त्रज्ञ बेटावर दाखल झाले आहेत, सरकारी बागेचा कारभार बघायला. त्यांनी हे झाड पाहिलं, त्याची रोपं वाढवली आणि बी फ्रान्सला पाठवलं. तुम्हीही त्या बियांबरोबर चला. पॅरिसजवळच्या न्यई इथे, ऑर्लेआंच्या ड्यूकच्या बागेत, झाक नावाच्या मुख्य माळ्याने ते पेरलं. थंड हवा, काचघराचा ओला वास, 1820 च्या दशकाची सुरुवात. उगवलेल्या रोपांतल्या एकाला त्याने बूर्बों बेटाचा गुलाब म्हटलं, आणि रदूते या चित्रकाराने आपल्या गुलाबांच्या ग्रंथात त्याचं चित्र काढलं. पुढे लियोंच्या बागवानांनी या घराण्यातून एकाहून एक देखणे गुलाब काढले. 1843 चा 'सुवनीर द ला माल्मेझों' त्यातलाच. त्या वैभवाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ओढ आहे ती बेटावर राहिलेल्या आईची, एदुआरची, कारण पुढे ती आपल्याकडे आली.

इथून थेट आजच्या महाराष्ट्रात या. हिवाळ्याची सकाळ, एक रोपवाटिका. माणूस उकिडवा बसला आहे. त्याच्यासमोर पेन्सिलच्या जाडीच्या फांद्यांचे खुंट रांगेत लावलेले. तो सालीला इंग्रजी टीच्या आकाराचा छेद देतो, साल सुरीच्या पाठीने हलकेच उचलतो, दुसऱ्या गुलाबाचा डोळा आत सरकवतो आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतो. डोळा तेवढा उघडा. खुंट कसला, विचारा. इंडिका असेल, मल्टिफ्लोरा असेल, किंवा सांगेल, "एडवर्ड." म्हणजे तोच, सँ-बन्वाच्या कुंपणातला.

त्याला खुंट का करतात, हे त्याच्या अंगच्या गुणांवरूनच कळतं. काडी टोचली की मूळ धरते. फुटवा जोमदार. उत्तरेच्या मैदानातला उन्हाळा तो काढतो. पाकळ्यांचा गुलकंदही होतो. तरीही आपण त्याला जमिनीलगत ठेवतो, त्याच्यावर मोठ्या फुलांचे, पुष्कळदा वास नसलेले गुलाब चढवतो आणि खालून त्याची फांदी आली की जंगली म्हणून कापतो. मला हे पटत नाही. कलम जोपासायचं तर खालचा फुटवा काढावा लागतो, हे खरं. पण बागेत या झाडाला स्वतःच्या मुळांवर उभं राहायला एक जागा मिळायलाच हवी.

तुमच्या बागेतलं एखादं जुनं कलम वरून वाळलं असेल आणि बुंध्यातून नवी फांदी आली असेल, तर तिला एकदा फुलू द्या. पांढऱ्या बारक्या फुलांचा झुबका आला तर तो मल्टिफ्लोरा. गडद गुलाबी, भरपूर पाकळ्यांचं, वासाचं फूल आलं तर बहुधा एडवर्ड. मग पावसाळा लागला की त्याची पेन्सिलएवढी जाड काडी घ्या, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका द्या, दोन-तीन डोळे मातीत जातील अशी टोचा. वर काही बांधायचं नाही. कुंपणाच्या कडेला लावलीत तरी चालेल.