उंदराच्या औषधाची गोष्ट

काळाचौकीच्या चाळींना उंदीर काही नवे नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हापासून गिरणगावाला उंदरांची धास्ती. पण उंदीर मारायच्याच एका औषधाने माणसाचं हृदय सांभाळलं जातं, असं सांगितलं तर?

गोष्ट खरी आहे. १९२०च्या सुमारास उत्तर अमेरिकेत सडका चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ साली एका शेतकऱ्याने न गोठणारं रक्त कॅनमध्ये भरून कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे नेलं. त्या शोधातून वॉरफरिन निघालं. १९४८ साली ते उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ साली माणसांसाठी औषध ठरलं.

त्याआधी १९१६ साली जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतात हेपॅरिन सापडलं होतं. ते नसतं, तर १९५३ साली हृदय-फुप्फुस यंत्र लावून जॉन गिबन यांना हृदयातलं छिद्र बुजवता आलं नसतं. यंत्राच्या नळ्यांत रक्त गोठलंच असतं!

काळाचौकीशेजारच्या परळला १९२६ साली केईएम उभं राहिलं, १९२९ साली मुलांचं वाडिया रुग्णालय. केईएममध्येच १९६८ साली डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं.

जन्मजात दोषाची शस्त्रक्रिया पार पडली, की आईवडिलांना वाटतं, सुटलो. पण कृत्रिम नळी, धातूची झडप किंवा फोंटान शस्त्रक्रियेनंतर मंदावलेला प्रवाह, अशा जागी गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून कुणाला ॲस्पिरिन, कुणाला वॉरफरिन देतात.

वॉरफरिन म्हणजे तराजू. कमी पडलं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव. त्यासाठी ठरल्या वेळी आयएनआर तपासणी हवी. मेथी-पालक बंद करायचा नाही, पण रोजच्या खाण्यात एकदम फरकही करायचा नाही. दुसरं कोणतंही औषध, अगदी अंगदुखीची गोळीसुद्धा, डॉक्टरांना विचारूनच. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा रक्त थांबेना, तर तडक रुग्णालय गाठायचं.

आणि मूल खेळू-बागडू लागलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ते खेळतंय, त्यात त्या गोळीचाही वाटा आहे.