मोटर चालते, माणूस धावतो, बाजीराव पळतो : 'रन'ची पुणेरी गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच.

सुरुवात माझ्या फजितीपासून. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष होतं. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात. लॅबमध्ये तोंडी परीक्षा सुरू होती. परीक्षकांनी टेबलावरच्या मोटरकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं आणि मी ठसक्यात म्हणालो, 'सर, मोटर इज वॉकिंग.' मोटर चालते, आणि चालणे म्हणजे वॉक. हिशोब सरळ होता! सगळी बॅच हसली. पुढे चार वर्षं माझं टोपणनाव 'वॉकिंग'. हसण्यावारी नेलं खरं, पण त्यानंतर बरेच महिने वर्गात इंग्रजीतून तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

आता इतक्या वर्षांनी वाटतं, चूक शब्दाची होती, पण विचार काही वेडगळ नव्हता. कारण 'रन' हे क्रियापदच भलतं आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले. त्यांना नऊ महिने लागले. इंग्रजीत माणूस रन होतो, मशीन रन होतं, नळ रन होतो, नाक रन होतं, दुकान रन होतं. मराठी असं करत नाही. मराठी आधी विचारते, 'कोण?' माणूस असेल तर धावतो. मशीन असेल तर चालतं. नळ वाहतो, नाक गळतं, कापडाचा रंग जातो, निवडणूक लढवली जाते आणि दूध संपतं. एकाच इंग्रजी शब्दाला आपल्याकडे अख्खी आळी लागते.

ही आळी कागदावर मांडायचं काम ज्यांनी केलं, त्यातला एक माणूस आपल्या पुण्यात बसत होता. बाजीराव रोडवरचा विश्रामबाग वाडा माहितीये ना? इंग्रजांनी १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. पुढे तिची देखरेख थॉमस कँडी या इंग्रजाकडे आली. त्याआधी कँडी आणि त्याचा जुळा भाऊ जॉर्ज यांनी मोल्सवर्थला मराठी-इंग्रजी कोशात मदत केली होती. तो कोश १८३१ चा. नंतर उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थने सुरू केला, पण तब्येतीने साथ दिली नाही आणि तो मायदेशी गेला. काम कँडीने पूर्ण केलं, १८४७ मध्ये.

उलट दिशा जास्त अवघड, हे लक्षात घ्या. मराठी शब्द समोर असेल तर त्याचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगता येतो. पण इंग्रजी क्रियापद समोर असलं की दरवेळी प्रश्न तोच : कोण? आणि कशासाठी?

धावणं आणि पळणंच घ्या. सकाळी तळजाईला आपण 'पळायला' जातो, तिथे दोन्ही सारखे. पण मदतीला कोणी 'धावून' येतो आणि संकटातून 'पळून' जातो. धावण्याला समोर काहीतरी असतं, पळण्याला मागे. उदाहरण त्या वाड्यातच आहे. विश्रामबाग वाडा बांधला दुसऱ्या बाजीरावाने. १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकरांच्या धास्तीने त्याने पुणं सोडलं आणि वसईला इंग्रजांशी तह केला. लोकांनी त्याला 'पळपुटा' म्हटलं. 'धावता बाजीराव' कोणी म्हटलं नाही. कोश नसतानाही पुणेकरांना फरक नेमका ठाऊक होता.

दुसरं उदाहरण क्रिकेटचं. 'रन'ला मराठीने 'धाव' केलं, 'पळ' नाही. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, रणजी सामना. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला फक्त नऊ कमी. उपाहाराच्या वेळी काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला आणि संघ निघून गेला. थोडक्यात, एकजण धावत होता आणि समोरचे पळाले!

परत कँडीकडे येऊ. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं बरंचसं श्रेय त्याला जातं. १८५० मध्ये त्याने त्यावर पुस्तकही काढलं. शालेय पुस्तकांची मराठी तपासायचं कामही त्याच्याकडे होतं. पण १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू झाली आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी या साहेबी वळणाच्या मराठीवर झोड उठवली. विष्णुशास्त्रींचे वडील कृष्णशास्त्री त्याच विश्रामबागेतल्या पाठशाळेत शिकलेले, हेही गमतीचंच.

टीका योग्य होती. परक्याच्या कानाने आपल्या मुलांची भाषा ठरवू नये, हा मुद्दा आजही पटतो. पण माझ्यासारख्या 'वॉकिंग'वाल्याला कँडीबद्दल थोडी आपुलकीही वाटते. आयुष्यभर मराठीत राबलेला माणूसही परभाषेत आपल्याच भाषेचं वळण घेऊन गेला. मीही तेच केलं, फक्त उलट बाजूने. फरक एवढाच की तो साहेब होता, म्हणून त्याची मराठी पुस्तकांत गेली. माझ्या इंग्रजीवर बॅच हसली.

आता ऑफिसमध्ये दिवसभर 'कोड रन कर' चालू असतं. मराठी बुडाली का? मला नाही वाटत. फारसीतून आलेलं 'जमा', 'कबूल', 'माफ' आपण असंच 'करणे' लावून घरात घेतलं. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले, तरी हे तिन्ही शब्द टिकलेच. 'रन'लाही तसंच घेतलंय, पण फक्त कॉम्प्युटरपुरतं. घड्याळ, संसार, कोर्टातला खटला अजून चालतातच. आणि 'चालेल' या एका शब्दावर तर अर्धं पुणं चालतं.

आमच्या टीममध्ये दरवर्षी गावाकडून आलेली दोन-तीन मुलं असतात. कोड उत्तम लिहितात, पण मीटिंगमध्ये गप्प. त्यांना मी मोटरचा किस्सा सांगतो आणि वर एवढंच म्हणतो, की तुझ्या डोक्यात आधीच एक भाषा आहे जी प्रत्येक वेळी 'कोण?' विचारते. इंग्रजी शिकशीलच रे, पण चुकलास म्हणून गप्प बसू नकोस.

तुमचीही अशी फजिती झाली असेल तर नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. चालेल ना?