भावाची रेघ: दोजिमाच्या तांदळापासून नारायणगावच्या टोमॅटोपर्यंत



गेल्या वर्षी आमच्या एका गटातल्या ताईंनी शेळ्या घ्यायच्या म्हणून गटातून 20,000 रुपयांचं अंतर्गत कर्ज घेतलं. शेळ्या काही दारात आल्या नाहीत. मुलाने ते पैसे मोबाईलवरून शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये लावले आणि नऊ दिवसांत संपवले. मासिक बैठकीत ताई खाली मान घालून बसल्या होत्या. मुलगा मात्र फोनवरचा आलेख दाखवून म्हणत होता, "मावशी, चार्ट बरोबर होता, वेळ तेवढी चुकली."

त्या तांबड्या-हिरव्या कांड्या बघून आम्हाला काही कळेना. पण ज्या गोष्टीपायी गटाचा पैसा गेला, ती समजून घ्यायलाच हवी असं आम्ही ठरवलं. शोधत गेलो तेव्हा कळलं की या कांड्यांचं मूळ धान्याच्या बाजारात आहे. म्हणून आजचं बोलणं त्या इतिहासाबद्दल.

जपानमध्ये ओसाका शहरात दोजिमा नावाचा तांदळाचा बाजार होता. तिथले सरदार सारा म्हणून तांदूळ घेत, कोठारात ठेवत आणि त्याच्या पावत्या विकत. पुढे मिळणाऱ्या तांदळाचेही सौदे होऊ लागले. 1730 साली तिथल्या राज्यकर्त्यांनी या बाजाराला अधिकृत मान्यता दिली. साकाता बंदरातला होम्मा मुनेहिसा हा याच शतकातला तांदळाचा व्यापारी. मेणबत्तीसारख्या दिसणाऱ्या आलेखाचं श्रेय परंपरेने त्याला देतात. आज दिसतो तो आकार मात्र त्याच्यानंतर घडत गेला.

त्या एका कांडीत चार भाव असतात: बाजार उघडला तेव्हाचा, दिवसातला सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा आणि बंद होतानाचा. आपली बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव लावते, साधारण तशातलाच हा प्रकार. म्हणजे मैत्रिणींनो, ही विद्या आपल्याला वाटली तेवढी परकी नाही.

पुढे अमेरिकेत चार्ल्स डाऊ नावाच्या पत्रकाराने 1884 साली काही कंपन्यांच्या शेअरची सरासरी काढायला सुरुवात केली. त्यात रेल्वे कंपन्याच जास्त होत्या. 1896 साली त्याने कारखान्यांची वेगळी सरासरी काढली. त्याच्या लिखाणातून पुढे एक साधा नियम निघाला. कारखान्यांत माल खरंच खपत असेल, तर तो वाहून नेणाऱ्या रेल्वेचाही धंदा वाढला पाहिजे. कारखान्यांचे शेअर चढले आणि रेल्वेचे जागेवरच राहिले, तर ती तेजी कच्ची समजायची. आपल्याकडे सांगायचं तर, नारायणगावात टोमॅटो चढला, पण पुण्याच्या गुलटेकडीत आणि वाशीत तो हललाच नाही, तर लगेच हुरळून जायचं नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हातात पैसा खुळखुळू लागला तशा नव्या बँका आणि समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांचे शेअर मूळ किमतीच्या कित्येक पट भावाने विकले जाऊ लागले. प्रेमचंद रायचंद हे या तेजीतलं सगळ्यात मोठं नाव. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाने उभा आहे, आणि त्यासाठीची देणगी याच तेजीच्या काळातली.

1865 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आलं आणि कापसाचा भाव कोसळला. शेअरचे वायद्याचे सौदे 1 जुलै 1865 रोजी पुरे करायचे होते. त्या दिवशी कोणाकडेच पैसे नव्हते. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या.

ही झळ मुंबईपुरती राहिली नाही. तेजीच्या दिवसांत सावकारांनी दख्खनच्या शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज दिलं होतं. भाव पडल्यावर कर्ज तसंच राहिलं, त्यात सरकारने सारा वाढवला. 12 मे 1875 रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. कर्जाचे कागद जाळणं हा त्या उठावाचा मुख्य हेतू होता. 1879 साली शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला आणि कर्जाचा हिशोब तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. आणि त्याच 1875 सालच्या जुलैमध्ये मुंबईतल्या दलालांनी आपली संघटना बांधली. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच.

हे वाचताना आमच्या मनात आलं, तेव्हाच्या बायांना त्या कागदावर काय लिहिलंय हे कोणी सांगितलं असेल का? आज आपण निदान भाव लिहून ठेवू शकतो.

म्हणून आम्ही एक काम सुरू केलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे रेघा मारल्या. रोजचा कमाल भाव, किमान भाव, सर्वसाधारण भाव आणि शेजारी आवक, असं चौघी आळीपाळीने लिहू लागल्या. महिन्याभरात बाजाराची ताकद आणि बाजाराचा अशक्तपणा कसा ओळखायचा, हे दिसायला लागलं.

समजा, आवक रोज वाढतेय आणि तरी भाव टिकून आहे. म्हणजे मागणी दमदार आहे. हा बाजार ताकदीचा. समजा, आवक कमी झाली आणि तरीही भाव वर सरकत नाही. म्हणजे घेणाराच मागे हटलाय. हा बाजार अशक्त. भाव दोन-तीनदा एकाच आकड्यापर्यंत चढून माघारी फिरला, तर तिथे विकणारे जास्त आहेत असं समजायचं. कमाल आणि किमान भावातलं अंतर वाढत गेलं, तर आधी आपल्या मालाची प्रतवारी बघायची. चांगला माल चालतोय आणि हलका पडून राहतोय, असं असू शकतं.

पण रेघेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. 2023 च्या जुलैमध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या 20 किलोच्या क्रेटला 2,000 रुपयांच्या वर भाव गेला, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. तो भाव बघून अनेकांनी लागवड केली. लागवडीपासून पहिल्या तोड्याला दोन-अडीच महिने लागतात. तो माल बाजारात आला तोवर सप्टेंबर उजाडला होता आणि टोमॅटो फेकून द्यायची वेळ आली. रेघ कालचा भाव सांगते, आणि आपलं पीक उद्याच्या भावाला विकलं जातं. म्हणून भावाबरोबर लागवड किती झाली, रोपवाटिकेतून रोपं किती गेली, याचाही कानोसा घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट सरकारी हुकमाची. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि आदल्या दिवसापर्यंतची चढती रेघ एका दिवसात खाली आली. 4 मे 2024 ला ती बंदी उठली. असा हुकूम कुठल्याही आलेखात आधी दिसत नाही.

आता त्या मुलाच्या चार्टबद्दल. सेबी ही शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिने सप्टेंबर 2024 मध्ये एक अभ्यास जाहीर केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. हे आम्ही बैठकीत मोठ्याने वाचलं. मग एका आजींनी विचारलं, "शंभरातल्या त्र्याण्णव जणांचा पैसा जातो, मग चार्ट शिकवणाऱ्याला पैसे कोण देतं?" मुलगा काही बोलला नाही. टिप देणाऱ्या ग्रुपला त्याने महिन्याची फी भरली होती, हे त्यानंतर बाहेर आलं.

आम्ही ताईंना गटातून काढलं नाही. हप्ता लहान केला, मुदत वाढवली. हप्ता आता मुलगाच भरतो, नारायणगावात क्रेट उचलायच्या कामावर जाऊन. गटाने दोन ठराव केले. कर्ज ज्या कामासाठी घेतलं, ती वस्तू महिन्याभरात दोघींनी जाऊन बघायची. आणि गटाचा पैसा कोणाच्याही टिपवर, कुठल्याही ॲपमध्ये जाणार नाही.

कॅलेंडरवरची रेघ मात्र चालू आहे. सध्या आवक लिहायचं काम त्या मुलाकडेच दिलंय, कारण रोज पहाटे बाजारात तोच असतो. तुमच्या गटातही एक जुनं कॅलेंडर उलटं करा. मंचर, ओतूर, आळेफाटा, जो बाजार जवळचा असेल त्याचा भाव आणि आवक महिनाभर लिहा. पुढच्या बैठकीला ते कॅलेंडर मध्ये ठेवून बोलू.