घोरपड आणि सॅलॅमँडर
लांब शेपूट व चार आखूड पाय यांमुळे घोरपड आणि सॅलॅमँडर वरवर सारखे दिसतात. मात्र घोरपड सरीसृप, तर सॅलॅमँडर बेडकाप्रमाणे उभयचर आहे. घोरपडीची खवलेयुक्त त्वचा शरीरातील पाणी टिकवते आणि ती अंडी जमिनीत किंवा वारुळात घालते. त्यामुळे धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यासारखी कोरडी पानझडी वने तिला मानवतात. महाराष्ट्रात सॅलॅमँडर आढळत नाही. पूर्व हिमालयातील सॅलॅमँडरची त्वचा ओलसर असते व तो पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पिल्ले कल्ल्यांनी श्वसन करतात. तळी बुजली की त्याचे प्रजननच थांबते. दार्जिलिंगजवळील जोरपोखरी अभयारण्य १९८५ मध्ये मुख्यतः त्याच्यासाठी राखण्यात आले.

घोरपडीला मोठा धोका शिकारीचा आहे. मांस, तेल आणि खंजिरीवर मढवण्याचे कातडे यांसाठी ती मारली जाते. नराचे वाळवलेले जननेंद्रिय ‘हत्थाजोडी’ या नावाने, चक्क वनस्पतीचे मूळ म्हणून, धनलाभासाठी विकले जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश असल्याने तिची शिकार व तिच्या अवयवांचा व्यापार दंडनीय आहे.