हबसाण ते रायलंड्स : केप टाउनमधील एका वस्तीची गोष्ट

१/ जासईहून किनाऱ्याने दक्षिणेला गेले की जंजिऱ्याचा मुलूख लागतो. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन. येथील राज्यकर्ते सिद्दी, मूळचे आफ्रिकेतले. म्हणून या प्रदेशाला ‘हबसाण’ म्हणत. या मुलखातील अनेक कोकणी मुसलमान पुढे स्वतःच आफ्रिकेत गेले.

२/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हबसाण आणि रत्नागिरीतील तरुण केप टाउनला उतरू लागले. कोणी फेरीवाला झाला, कोणी दुकानातला नोकर, कोणी मजूर. १९०२ च्या कायद्याने युरोपीय भाषा लिहिता येण्याची अट घातली. बायकामुले बहुधा गावीच राहत. काहींनी तेथील मलाय मुस्लिम घराण्यांत लग्ने केली.

३/ पुष्कळांची वस्ती ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’मध्ये होती. मलाय, ज्यू, भारतीय अशी अनेक कुळांची माणसे तेथे शेजारी राहत. मात्र १९०१ मध्येच प्लेगचे निमित्त करून कृष्णवर्णीय आफ्रिकी रहिवाशांना तेथून हलवण्यात आले होते.

४/ १९५० मध्ये दोन कायदे झाले. एकाने प्रत्येक माणसाचा वंश नोंदवला, दुसऱ्याने वंशानुसार वस्त्या ठरवल्या. ‘भारतीय’ आणि ‘केप मलाय’ हे वेगळे गट ठरले. ज्या मुलांचे वडील कोकणी आणि आई मलाय, त्यांचे घर एका वस्तीत आणि आजोळ दुसऱ्या वस्तीत पडू लागले.

५/ ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स केवळ गोऱ्यांसाठी राखीव झाले. साठ हजारांहून अधिक माणसे उठवली गेली. घरे पाडली, मशिदी आणि चर्च मात्र उभी राहिली. भारतीयांच्या वाट्याला रायलंड्स आणि क्रेव्हनबी या वस्त्या आल्या.

६/ रायलंड्सच्या परिसरात हबीबिया सूफी मशीद १९०५ पासून आहे. ती उभारणारे सूफी साहेब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. सरकारने ‘भारतीय वस्ती’ आखण्याच्या कितीतरी आधी कोकण तेथे पोहोचले होते.

७/ १९९१ मध्ये वस्त्यांचा कायदा रद्द झाला. आज रायलंड्समध्ये निरनिराळ्या कुळांची कुटुंबे राहतात. मात्र ज्यांना घर परवडले तेच येऊ शकले. लांगा, गुगुलेथूसारख्या वस्त्यांतील गरिबांना कायद्याने वाट मोकळी केली, पण घरांच्या किमतींनी ती अडवली.

८/ म्हणून रायलंड्सला ‘आता मिश्र झालेली वस्ती’ म्हणताना थोडे थांबावे. तेथील घरे कायद्याच्या आधीच मिश्र होती. वेगळेपण वरून लादले गेले.

९/ केप सरकारच्या जुन्या परवान्यांवर छायाचित्र आणि हाताचे ठसे असत. तुमच्या घरातील पेटीत असा कागद असेल, तर तो जपून ठेवा. या इतिहासाचा तो अस्सल पुरावा आहे.