डिझेल आणि थंडीचे जुने वैर

१८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन यशस्वी ठरले. त्यात ठिणगी नव्हती. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटे. थंडीशी वैर ते तेव्हापासूनचे.

दुसरे वैर इंधनातच आहे. कडाक्याच्या गारठ्यात डिझेलमधील मेण गोठते, फिल्टर तुंबतो आणि गाडीचा जोर मध्येच ओसरतो. म्हणूनच २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल आणले.

गिरणाकाठच्या भडगावात पारा एवढा उतरत नाही. तेथे मेणाला दोष देणे घाईचेच. ऊन चढल्यावरही कापसाची गाडी चढावर दम टाकत असेल, तर आधी फिल्टरमधले पाणी काढावे. मग नळीच्या जोडांतून हवा शिरते का, ते पाहावे.