टब व तुषार : एका सोयरिकीचा इतिहास

गेल्या चैत्रांत आमच्या जुन्या घराच्या न्हाणीघराची दुरुस्ती निघाली. काळ्या दगडाची फरशी खचली होती, मोरीचें पाणी भिंतींत मुरत होतें, आणि कोपऱ्यांतला तांब्याचा बंब कित्येक वर्षें केवळ शोभेपुरता उरला होता. मुलानें व सुनेनें एका दुकानाची सचित्र यादी आणून दाखविली. तींत एक लांबट टब, त्याच्या एका टोकाला भिंतींतून निघालेली तुषाराची झारी आणि कडेला कांचेची पडदी, असें जोडपात्र होतें. एकाच जागेंत दोन्ही सोयी, असें त्याचें वर्णन. माझ्या आईला ब्याऐंशीवें वर्ष लागलें आहे. तिनें चष्मा लावून चित्र निरखलें आणि विचारलें, “अरे, ज्या पाण्यांत मळ सुटला, त्याच पाण्यांत बसून राहायचें?” सून म्हणाली, “आजी, म्हणून तर वर झारी दिली आहे. शेवटीं ती अंगावर घ्यायची.” दोघींचेंही म्हणणें मला पटलें, आणि निर्णय मात्र माझ्यावर सोपविण्यांत आला. ज्याला निर्णय घेतां येत नाहीं तो पुस्तकें उघडतो. मींही तेंच केलें.

या विषयाच्या दाराशींच एक खड्डा आहे, तो आधीं दाखवून ठेवणें बरें. १९१७ च्या २८ डिसेंबरला एच्. एल्. मेंकेन या अमेरिकन लेखकानें न्यूयॉर्कच्या एका दैनिकांत टबाचा इतिहास लिहिला. अमेरिकेंतला पहिला टब सिनसिनाटी शहरीं १८४२ सालीं बसला, वैद्यांनीं त्यास विरोध केला, पुढें अध्यक्ष फिलमोर यांनीं तो आपल्या सरकारी निवासांत आणविला, असा मोठा भरघोस तपशील त्यांत होता. तो सारा मनानें रचलेला होता! महायुद्धाच्या उदास दिवसांत थोडी गंमत, एवढाच त्याचा हेतु. परंतु लोकांनीं तें खरें मानलें, वैद्यकीय लेखांत व संदर्भग्रंथांत तें उतरलें. १९२६ सालीं मेंकेननें स्वतः कबुली दिली तरी तें मरेना. तेव्हां टबाच्या इतिहासांत फार नेमकी तारीख भेटली कीं वाचकानें किंचित् थांबावें.

खरी हकीकत अशी आहे कीं, टब व तुषार हीं एका कुळांतलीं नव्हेत. बसल्या पाण्यांत बुडून राहणें हा एक प्रकार, आणि वरून पडणारें पाणी अंगावरून वाहूं देणें हा दुसरा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत स्वेदाचे जे तेरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत हे दोन्ही वेगवेगळे मोजले आहेत. औषधी काढ्यानें भरलेल्या पात्रांत रोग्यास बसविणें तें अवगाहन. आणि घडा, वर्षाव करणारें भांडें किंवा नळी घेऊन त्याच्या अंगावर कोमट काढ्याची धार धरणें तो परिषेक. सिंधुकांठच्या मोहेंजोदडोलाही असेंच दिसतें. तेथील महास्नानागार, सुमारें बारा मीटर लांब व सात मीटर रुंद, प्रसिद्धच आहे. परंतु मला अधिक मोलाच्या वाटतात त्या घरोघरच्या लहान न्हाण्या. पक्क्या विटांचा घट्ट बसविलेला ओटा, त्याला एका बाजूला उतार, आणि तेथून गल्लींतल्या गटारापर्यंत नाली. म्हणजे आमची मोरीच ती! ग्रीक लोकांच्या चित्रित कुंभांवर प्राण्यांच्या मुखांतून पडणाऱ्या धारांखालीं स्त्रिया उभ्या आहेत, आणि रोमन लोकांचीं स्नानगृहें तर सर्वांस ठाऊक आहेत.

आधुनिक घरांतील तुषाराची कथा लंडनमध्यें सुरू होते. विल्यम फीथम नांवाच्या शेगड्या बनविणाऱ्या कारागिरानें १७६७ सालीं तुषारयंत्राचें पेटंट घेतलें. खालच्या पात्रांतील पाणी हातपंपानें डोक्यावरच्या टाकींत चढवावें आणि सांखळी ओढून तें एकदम अंगावर घ्यावें, अशी ती योजना. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं याचीच दहा फुटांहून उंच, बांबूप्रमाणें रंगविलेल्या नळ्यांची एक डौलदार आवृत्ति निघाली. दिसावयास फार सुंदर. पण खालीं सांचलेलें तेंच पाणी पुनः पुनः वर चढवावयाचें! आईचा आक्षेप टबालाच लागू आहे असें मी समजत होतों. या यंत्रांत तर मळलेलें पाणी डोक्यावरूनच येई. शिवाय तें थंड. म्हणून हा तुषार बराच काळ सुखाचा नव्हे, तर धैर्याचा विषय राहिला. सिलेशियांतील ग्रेफेनबर्ग येथें व्हिन्सेंट्स प्रीस्निट्स यानें उंचावरून पडणाऱ्या थंड धारांनीं रोग बरे करण्याचा संप्रदाय चालविला, आणि सुशिक्षित इंग्रज कुटुंबें सकाळीं उठून स्वतःस अशी शिक्षा करून घेऊं लागलीं. कार्लाइलसारखा तत्त्वज्ञही त्यांत होता.

टब आणि तुषार यांची गांठ एकाच खोलींत घालणाऱ्या गृहस्थांपैकीं ज्याचा विचार आपणांस जवळून पाहतां येतो, तो म्हणजे चार्ल्स डिकन्स. १८५१ सालीं तो लंडनच्या टॅव्हिस्टॉक हाउसमध्यें राहावयास जाणार होता. दुरुस्तीचें काम त्याचा मेहुणा हेन्री ऑस्टिन पाहत असे, आणि हा ऑस्टिन सरकारी आरोग्यमंडळाचा चिटणीस होता. डिकन्सनें त्याला जीं पत्रें लिहिलीं, त्यांत कादंबरीकारापेक्षां आमच्यासारखा घरदुरुस्तीनें गांजलेला कुटुंबवत्सल मनुष्यच बोलतो. ऊन पाण्याचा टब असावा, पण मुख्य म्हणजे थंड पाण्याचा तुषार उत्तम प्रतीचा हवा, आणि पाहिजे तेव्हां पाहिजे तितकें पाणी त्याला मिळालें पाहिजे. त्याची दुसरी एक मागणी आमच्या आईला ऐकविली तेव्हां तिनें पसंतीची मान हलविली. न्हाणीच्या खोलींतच शौचकूप बसविण्याचा बेत होता; डिकन्सला तो सोसेना, आणि मध्यें आडपडदा घालावा म्हणून त्यानें आग्रह धरला.

टब श्रीमंतांच्या घरांत विसांवत असतां तुषाराचें दुसरें घराणें अगदीं निराळ्या ठिकाणीं वाढत होतें. १८७० नंतरच्या दशकांत रूआंच्या तुरुंगांतील डॉक्टर मेरी देलाबोस्त यानें कैद्यांना टबाऐवजीं उभ्या उभ्या कोमट तुषार देण्याची पद्धत घातली. पाणी कमी, वेळ कमी, आणि एकाचा मळ दुसऱ्याला लागण्याची भीति नाहीं. लवकरच प्रशियाच्या लष्करी बराकींत ती गेली. बर्लिनच्या १८८३ च्या आरोग्यप्रदर्शनांत डॉक्टर ऑस्कर लास्सर यानें पत्र्याच्या झोंपडींत तुषाराच्या लहान खोल्या मांडल्या. दहा फेनिग दिले कीं साबण व टॉवेल यांसह स्नान. प्रत्येक जर्मन माणसाला आठवड्यास एक स्नान, हा त्याचा घोष होता. (आठवड्यास एक! आमच्याकडच्या दररोजच्या स्नानाची फुशारकी मारण्याचा मोह येथें होतो. पण आमच्या कित्येक गांवांत स्नानाला पाणी कोणास मिळे आणि कोणास मिळूं दिलें जात नसे, हें आठवलें कीं तो मोह ओसरतो.) न्यूयॉर्कमध्यें डॉक्टर सायमन बारूख यानें हीच पद्धत गरीब वस्त्यांसाठीं उचलून धरली, आणि १८९५ सालीं त्या राज्यानें पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांना सार्वजनिक स्नानगृहें बांधणें सक्तीचें केलें. अशा रीतीनें टब हा विश्रांतीचा आणि तुषार हा शिस्तीचा, असे दोन संस्कार ठरून गेले होते.

ऊन पाणी नळांतून आल्याखेरीज हीं दोन घराणीं जुळणें शक्य नव्हतें. लंडनच्या बेंजामिन मॉननें १८६८ सालीं गॅसवर पाणी तापविणारें यंत्र काढलें आणि आइसलंडमधील उष्णोदकाच्या प्रसिद्ध झऱ्यावरून त्यास ‘गीझर’ म्हटलें. तोच शब्द आज आपल्या घरोघरीं आहे. त्यानंतर १८८० च्या सुमारास इंग्रज धनिकांकडे छत्राचे टब आले. टबाच्या एका टोकाला माणसाहून उंच अर्धगोल पाठ, तींत चोहों बाजूंनीं बारीक छिद्रें, आणि तुषार, धार, लाट अशा अनेक चाव्या. कोणती चावी फिरविली असतां कोठून काय येईल याचा नेम नसावा असें त्यांचीं चित्रें पाहून वाटतें. खरें सुटसुटीत जोडपात्र अमेरिकेनें दिलें. विस्कॉन्सिनमधील कोलर कंपनी आपल्या इतिहासांत सांगते कीं, तिच्या संस्थापकानें १८८३ सालीं जनावरांच्या पाण्याच्या ओतीव डोणीला मिन्याचा लेप देऊन चार पाय लावले, आणि तोच तिचा पहिला टब. त्याच कंपनीनें १९११ सालीं पाय काढून, भिंतींत बसणारा, दर्शनी बाजू असलेला एकसंधी टब काढला. तीन बाजूंनीं भिंत, चौथीला पडदा, वर झारी: लहान घराला तो इतका सोयीचा पडला कीं पुढें तेंच अमेरिकन न्हाणीघराचें ठराविक रूप झालें.

हिंदुस्थानचा या कथेशीं संबंध केवळ तुलनेपुरता नाहीं. पाटण्याचा शेख दीन महंमद यानें १८१४ नंतर ब्रायटनला बाष्पस्नान व अंग चेपण्याचें गृह काढलें, आणि ‘चांपणें’ या क्रियेवरून इंग्रजींत ‘शाम्पू’ शब्द रुजला. इकडे साहेबाच्या बंगल्यांत गुसलखान्याच्या कोपऱ्यांत बुटक्या कांठाच्या आंत जस्ताचा टब असे, आणि भिश्ती येऊन पाणी ओती; म्हणजे वर झारी नव्हती, पण माणूस होता. पाणी जाण्यास भिंतींत भोंक ठेवीत. किप्लिंगच्या १८९४ च्या गोष्टींत नाग त्याच वाटेनें शिरतो.

आमच्या घरांत मात्र अखंड धार देवाच्या वांट्याला, शंकराच्या पिंडीवरच्या गळतीच्या रूपानें. माणसाला चौरंग, घंगाळ आणि तांब्या. याला कारण केवळ आचार नव्हे, पाणी हेंही आहे. पुण्यांत कात्रजच्या तलावाचें पाणी पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास बांधीव नळानें हौदांत खेळविलें, मुंबईला विहाराचें पाणी १८६० सालीं आलें. तोंवर आणि नंतरही पुष्कळांना घागर हेंच माप होतें. आणि तें पाणीही सर्वांचें नव्हतें. १८६८ सालीं जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही केवढी मोठी गोष्ट झाली!

म्हणून मीं हिशेब मांडला. मध्यम टब भरावयास सुमारें दीडशें लिटर पाणी लागतें. झारींतून मिनिटाला नऊ-दहा लिटर जातें. दहा मिनिटें उभें राहिलें तर शंभराच्या घरांत. आई दीड बादलींत, तीस लिटरांत, डोक्यावरून नाहते. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी गेली, तिच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. तेवढ्यांत असे तेहतीसशें टब भरले असते. दाबाचाही प्रश्न होता. यादींतील मोठी झारी एक बार दाब मागते, म्हणजे सुमारें दहा मीटर उंचीची टाकी. आमची गच्चीवरील टाकी झारीहून जेमतेम सात फूट वर.

तरीही जुन्या मोरीचा कैवार मला घेववेना. दोन वर्षांपूर्वीं त्याच गुळगुळीत दगडावर पाय सरकून आईचें मनगट मोडलें होतें. टबाचा कांठ तिच्या गुडघ्यापर्यंत येता; तो ओलांडतांना, ओल्या पायांनीं, एका हातावर तोल सांभाळून— तें चित्र मीं पुरें पाहिलें नाहीं. सुनेला मीं हिशेब दाखविला. तिनें तो वाचला, थोडी हिरमुसली, आणि म्हणाली, “निदान झारी तरी हातांत धरायची घ्या, म्हणजे आजींना बसूनही वापरतां येईल.” हें मला इतक्या पुस्तकांतून सुचलें नव्हतें.

आतां तेथें खरखरीत फरशीचा, मोहेंजोदडोसारखाच उताराचा ओटा आहे. भिंतीला धरावयास पोलादी दांडी, बसावयास पक्की बैठक, आणि कमीजास्त उंचीवर अडकवितां येणारी लहान झारी. नळाखालीं बादलीची जागा राखली आहे. आई पहिले चार दिवस तांब्याच घेत होती. पांचव्या दिवशीं आंतून झारीचा आवाज आला. जुना दगड परसांत तुळशीजवळ ठेवला आहे. बंबाचें काय करावें हें अजून ठरलेलें नाहीं.